चिप हुशार आहे हो, पण तिच्यापर्यंत जंतू कोण नेणार?

मागच्या अंकात पोस्टाच्या तिकिटाएवढ्या लॅबबद्दल, म्हणजे जंतू तपासणाऱ्या छोट्या चिपबद्दल, मी दोन ओळी खरडल्या आणि मोकळा झालो, त्यावर एवढी पत्रं नि मेसेज आलेत की हे पान सगळं त्यालाच देतोय. बाकीच्यांनी थोडं थांबा, विशेषतः अ‍ॅसिडिटीवाले.

प्रश्न : सासूबाईंना लघवीला जळजळ होत होती. युरिन कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला आणि तोवर जी गोळी चालू होती तिलाच नेमका जंतू 'रेझिस्टंट' निघाला, म्हणजे दाद न देणारा! आजच्या जमान्यात तीन दिवस? लॅबवाले करतात काय एवढा वेळ? (वाचक, सातारा)

उत्तर : ताई, लॅबवाले वाट बघतात. मी स्वतः त्या खुर्चीत बरीच वर्षं काढलीयत त्यामुळे बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू दे, पण वेळ जंतू घेतो. लघवीच्या बहुतेक इन्फेक्शनमागे ई. कोलाय असतो, त्याला खायला-प्यायला आणि ऊब मिळाली की साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतात, म्हणजे ८ तासांत २४ वेळा दुप्पट, एकट्याचं खानदान दीड कोटीच्या वर जातं. तेव्हा कुठे जंतू वाढवायच्या बशीत टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसायला लागतो. हा पहिला दिवस. मग तो ठिपका उचलायचा, नव्या बशीवर सारवायचा, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि परत रात्रभर इनक्युबेटरमध्ये, सकाळी चकतीभोवती किती जागा मोकळी राहिली ते पट्टीने मोजायचं. बशी १८८७ची आहे, जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमधल्या पेट्रीची. तिच्यातला अगार, म्हणजे जंतू ज्यावर वाढतात ती जेली, त्याच्याही आधी फॅनी हेसे या बाईंनी सुचवलेला, त्या घरी जेलीत घालायच्या म्हणून! कामाची पद्धत अजून बरीचशी तीच आहे.

आता चिपवाल्यांनी काय केलं बघा. स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात योहान एल्फ आणि त्यांच्या लोकांनी असं ठरवलं की ठिपका होईपर्यंत थांबायचंच कशाला, एकेका जंतूकडेच बघू. प्लास्टिकच्या चिपमध्ये हजारो नाल्या कोरलेल्या, प्रत्येक इतकी बारीक की जंतू आत शिरला तर आडवा वळू शकत नाही, उसाच्या सरीत बैल अडकावा तसा. काही नाल्यांतून नुसतं खाणं सोडायचं, काहींतून खाणं अधिक अँटिबायोटिक, आणि मायक्रोस्कोपखाली सारखे फोटो काढत राहायचं. औषधाच्या नालीतला जंतू बिनऔषधवाल्यासारखाच लांब होत राहिला की समजायचं हे औषध गेलं कामातून. जंतूला कुणी घाई करत नाहीये बरं का, तो त्याच्याच गतीने वाढतोय, आपण फक्त नाक लावून बघतोय म्हणून लवकर कळतं. त्यातूनच पुढे जे मशीन झालं ते इन्फेक्शन आहे का हे १५ मिनिटांत आणि कुठलं औषध चालेल हे ४५ मिनिटांत सांगतं, लघवी लागते आठ थेंबांच्या आत. जून २०२४ मध्ये त्याला ब्रिटनचं ८० लाख पौंडांचं लॉन्जिट्यूड प्राइझ मिळालं. पण तपासतं ५च अँटिबायोटिकं, आपल्याकडे कल्चरच्या रिपोर्टवर याच्या दुप्पट-तिप्पट नावं असतात आणि डॉक्टरांना बऱ्याचदा खालच्याच नावांपर्यंत जावं लागतं.

तोवर सासूबाईंसाठी एवढं करा. पुढच्या वेळी नमुना गोळीच्या पहिल्या डोसाआधी द्या, सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, आणि दोन तासांत लॅबला पोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. डबी स्कूटरच्या डिकीत दुपारभर फिरली की आतले जंतू तिथेच वंश वाढवतात आणि रिपोर्ट भलताच येतो.

प्रश्न : सर, मी थर्ड इयर इंजिनिअरिंगला आहे. प्रोजेक्टला रक्ताच्या एका थेंबातले बॅक्टेरिया पकडणारा इम्पेडन्स सेन्सर (विजेला होणारा अडथळा मोजणारा) करतोय, सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेलं इन्फेक्शन, लगेच डिटेक्ट होईल. स्कोप आहे ना? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : सेन्सरला आहे, थेंबाला नाही. आधी गणित करू. एक मिली रक्तात तांबड्या पेशी साधारण ५०० कोटी, आणि सेप्सिसच्या मोठ्या माणसात जंतू पुष्कळदा मिलीला एखाददुसरा. थेंब म्हणजे मिलीचा विसावा भाग. मग तुझ्या थेंबात बहुतेक वेळा जंतूच नसणार रे, जे नाहीच ते जगातला कुठलाही सेन्सर कसं पकडेल? ब्लड कल्चरच्या एकेका बाटलीत ८-१० मिली रक्त घेतात ते उगाच नाही. अमेरिकेतल्या थेरानॉस कंपनीने बोटाच्या टोकावरच्या रक्तात ढीगभर टेस्ट करतो म्हणून ७० कोटींहून जास्त डॉलर उभे केले, २०१८ मध्ये दुकान बंद, २०२२ मध्ये मालकीणबाई दोषी.

तत्त्व मात्र एकदम पक्कं आहे. बारीक भोकातून पेशी गेली की क्षणभर करंट अडतो, ते झटके मोजायचे, वॉलेस कूल्टरचं १९५३चं पेटंट, आज गल्लीतल्या लॅबमधला सीबीसीसुद्धा (रक्तपेशींची मोजणी) पुष्कळदा त्याच तत्त्वावर निघतो. म्हणून माझं ऐक, रक्त सोड आणि गाईचं दूध घे. निरोगी सडाच्या दुधात मिलीला साधारण २ लाखांपेक्षा कमी पेशी असतात, दगडी (कासेचा दाह) झाली की कित्येक लाख. स्निग्धाचे मोठे कण जवळपास त्याच मापाचे असल्याने आड येतील, डोकं खातील, पण निदान मोजायला काहीतरी सापडेल. आणि स्वच्छ बफरमध्ये (लॅबमधल्या साध्या द्रावणात) स्वतःच जंतू सोडून स्वतःच पकडू नकोस, हौदात सोडलेला मासा गळाला लागला याचं कौतुक परीक्षक करतीलही, मी नाही करणार.

प्रश्न : मी गावचा जलसुरक्षक. दूषित पाणी ओळखायची एचटूएसची बाटली काळी पडायला दोन दिवस जातात तोवर गाव पाणी पिऊन मोकळं. चिप मिळेल का? (वाचक, जव्हार तालुका)

उत्तर : दादा, प्रश्न शंभर टक्के बरोबर. पण नियम सांगतो १०० मिली पाण्यात एकही ई. कोलाय नको, आणि चिपच्या नालीतून पाणी जातं मिनिटाला १० मायक्रोलिटर वगैरे. १०० मिली म्हणजे १ लाख मायक्रोलिटर, म्हणजे १० हजार मिनिटं, म्हणजे जवळजवळ ७ दिवस! बाटली परवडली. त्यामुळे आधी सगळं पाणी गाळणीतून ओढायचं, वर राहिलेले जंतू चमचाभर पाण्यात धुऊन घ्यायचे आणि मग चिप, या गाळायच्या भानगडीतच वेळ नि पैसा जातो. शिवाय टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर मेलेल्या जंतूचाही डीएनए पाण्यात राहतो, नुसता डीएनए शोधणारी चिप त्यालाही हो म्हणते. तुमच्या हातात आत्ता जे आहे ते जास्त कामाचं, शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची. पिवळा रंग आला नाही तर बाटलीची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी टीसीएलचं बघा.

प्रश्न : भावाची टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात छोट्या मशीनवर चिप घालून केली, दोनेक तासांत रिपोर्ट. एवढ्या लवकर म्हणजे खरा असेल का? (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : खरा धरा, आणि मशीन बहुधा तुमच्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं, ट्रूनॅट. बॅटरीवर चालतं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलंय. टीबीचा जंतू महा आळशी, एकाचे दोन व्हायला जवळपास दिवस लावतो, म्हणून कल्चर सहा-सहा आठवडे चालतं. ही चिप वाढीची वाट बघतच नाही, जंतूचा डीएनए शोधते. फक्त औषधं चालू झाल्यावर 'परत त्याच मशीनवर बघा' असा हट्ट धरू नका, मेलेल्यांचा डीएनए बरेच दिवस निघत राहतो, फॉलोअपला थुंकीची स्लाइड किंवा कल्चरच लागतं. आणि भावाला सांगा, डबीत तोंडातली लाळ नको, सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याने चूळ भरून खोल खोकून काढलेला बेडका पाहिजे.