जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये खरं जपानी जेवण कुठे?

गूगलचे तारे बाजूला ठेवा आणि मुख्य स्टेशनातून बाहेर पडून सरळ इमरमानश्ट्रास या रस्त्यावर चालू लागा. १९५०च्या दशकापासून जपानी कंपन्या या शहरात येऊ लागल्या. त्यांच्या माणसांमागोमाग हॉटेलं, बेकऱ्या आणि वाणसामानाची दुकानं आली. म्हणजे इथल्या आचाऱ्याची गाठ रोज जपानी गिऱ्हाइकाशीच असते, फसवाफसवी फार चालत नाही.

तरी बाहेरचं मेनूकार्ड आधी वाचा. सुशी, थाई करी आणि पेकिंग डक एकाच पानावर दिसले, की पुढे निघायचं. इथल्या पहिल्याच महिन्यात 'पोटभर सुशी'च्या नादात मी फ्रिजमधल्या गार भाताचे गोळे गिळले होते! सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट हवा, व्हिनेगरची आंबट चव जेमतेम जाणवेल इतकी.

शक्यतो दुपारी जा. ऑफिसातले जपानी लोक कुठे रांग लावतात ते बघा आणि तिथे 'तेइशोकु' मागा. भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ. थोडक्यात आपली राइस प्लेटच. रात्रीपेक्षा बहुधा स्वस्तही पडते.

शाकाहारी असाल तर मात्र जपून. मिसो सुपात माशाचा तुकडा दिसणार नाही, पण सुपाचं पाणी, म्हणजे दाशी, बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचं असतं. "मासे नाहीत ना?" एवढं विचारून भागत नाही. दाशी कशाची, ते विचारा. नुसत्या कोम्बूची, म्हणजे समुद्री शेवाळाची असेल तर खुशाल प्या.