आठ महिन्यांची मुलगी आणि परदेशातील नोकरी

प्रश्न : आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. माझ्या पतींना तीन वर्षांसाठी परदेशात नोकरी मिळत असून होकार कळवण्यास महिनाभराची मुदत आहे. पगार, घर, विमा यांचा हिशेब आम्ही दोघांनी मांडून पाहिला आणि तो जमण्यासारखा आहे. मात्र रात्री मुलगी दोन-तीनदा उठते तेव्हा मी उठते. सकाळी सासूबाई तिला घेतात म्हणून मला दोन तास झोप मिळते. माझी स्वतःची नोकरी सध्या रजेवर आहे. इतक्या लहान बाळाला घेऊन जावे, की ती दोन वर्षांची होईपर्यंत थांबावे? — एक वाचक

उत्तर : तुम्ही विचारले आहे बाळाच्या वयाविषयी; पण तुमच्या पत्रात हिशेबापाशी ‘आम्ही’ आहे आणि रात्रीच्या जागरणापाशी ‘मी’ आहे. माझ्या मते निर्णय याच जागी अडलेला आहे.

बाळापुरते बोलायचे, तर या वयात मुले अनोळखी चेहरा पाहून बिचकू लागतात आणि आई दिसेनाशी झाली की रडतात. पुढचे काही महिने हे वाढत जाते आणि मग हळूहळू ओसरते. त्यांचे घर म्हणजे भिंती नव्हेत, रोजची दोन-तीन माणसे. बदललेल्या वेळेमुळे झोपेचे तंत्र काही दिवस बिघडेल, तेवढेच. कानावर दोन भाषा पडल्याने बोलणे लांबते ही समजूतही खरी नाही. दोन वर्षांपर्यंत थांबल्याने प्रवास सोपा होतो असेही नाही, कारण त्या वयाचे मूल मांडीवर स्वस्थ बसत नाही आणि विमानात त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते.

कागदपत्रांत लसीकरणाच्या नोंदी तारखांसह जवळ ठेवा. देशोदेशीची वेळापत्रके वेगळी असतात. अमेरिकेत, उदाहरणार्थ, पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस पुढच्या हिशेबात धरत नाहीत आणि लस पुन्हा द्यावी लागते. जन्मदाखल्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) लागेल का, हे त्या देशाच्या वकिलातीकडून आताच विचारून घ्या.

आता त्या दोन तासांच्या झोपेकडे वळू. ती तिथे कोण देणार, याचे उत्तर ‘होईल काहीतरी’ असे असेल, तर पगार कितीही असला तरी हिशेब जमलेला नाही. म्हणून एक प्रयोग सुचवते. पुढचे पंधरा दिवस सासूबाईंच्या मदतीशिवाय राहून पाहा. त्यांना आधी नीट सांगा, म्हणजे आपण नकोशा झालो असे त्यांना वाटणार नाही. तुमच्या पतींनी नव्या नोकरीच्या वेळा पाळायच्या आणि तरीही रात्रीच्या उठण्यांपैकी एक आपल्याकडे घ्यायचे, म्हणजे तुम्ही जाग आली तरी कूस बदलून पडून राहायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हा दोघांना जे कळेल, ते कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

त्याच काळात नव्या कंपनीला काही गोष्टी लेखी विचारा. आठवड्याचे कामाचे तास किती, बाळ आजारी पडल्यास वडिलांना रजा मिळते का, आणि जोडीदाराच्या व्हिसावर तुम्हाला नोकरी करता येईल का. हा अधिकार सगळीकडे आपोआप मिळत नाही आणि तो नसेल, तर तुमच्या रजेचे रूपांतर न विचारता राजीनाम्यात होईल. पाळणाघराची चौकशीही आत्ताच करा. अनेक शहरांत काही महिने आधी नाव घालावे लागते. ‘मी पुढे जातो, मग बोलावतो’ असे ठरत असेल तर घर लावण्यापुरता महिना-दीड महिना ठीक, त्याहून अधिक नको. त्याहून जास्त काळ दूर राहिल्यास वडीलही बाळाला अनोळखी होऊ शकतात.

परत येण्याच्या अटी जाण्याआधी ठरवा. बोलायला हे अवघड वाटेल, पण मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारातील देशांमध्ये, मूल एकदा तिथे स्थिरावल्यावर दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय त्याला घेऊन परत निघणे कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. त्यामुळे ‘नाही जमले तर मी निघून येईन’ हा दिलासा तुम्हाला वाटतो तितका पक्का नाही.

आणखी एक. बाळ झोपलेले असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा विनाकारण रडू येत असेल, तर ते केवळ जागरण समजू नका. प्रसूतीनंतरचे नैराश्य पहिल्या वर्षात केव्हाही डोके वर काढू शकते. तसे असल्यास जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि नव्या विम्यात मानसिक उपचार आहेत का, हे पाहून घ्या.

प्रयोग संपल्यावर तुमच्या हाती दोन आठवडे उरतील. होकार द्यायचाच असेल, तर रुजू होण्याची तारीख पाळणाघरातील जागा मिळाल्यानंतरची मागा, आणि ती मागणी तुमच्या पतींनी करावी.