केबल लावली की पैसे आपोआप? आधी एवढं करा

नव्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल अभिनंदन! ‘केबल खोचा, पैसे आपोआप कटतील’ असं शोरूमवाल्याने सांगितलं ते खोटं नाही, पण सगळीकडे तसं होत नाही. गाडी, चार्जर आणि चार्जरवाल्याचं ॲप, तिघांचं जमावं लागतं. पैसे आपोआप कटण्याच्या दोन पद्धती आहेत. ऑटोचार्जमध्ये चार्जर गाडीच्या चार्जिंग यंत्रणेचा नंबर ओळखतो (नंबरप्लेट नव्हे, मलाही आधी तेच वाटलं होतं). प्लग अँड चार्जमध्ये गाडीची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र गाडीतच असतं. आत्ता एवढं पुरे.

सुरुवातीला:

- ऑटोचार्जची पहिली जोडणी (म्हणजे गाडी ॲपच्या खात्याशी जोडणं) घराजवळच्या डीसी फास्ट चार्जरवर, निवांत वेळी करा. पुण्याला निघाल्यावर एक्सप्रेसवेवर, मागे रांग लागलेली असताना नको. सोसायटीतल्या एसी चार्जरकडून ही अपेक्षाच ठेवू नका.
- ॲपच्या वॉलेटमध्ये एका चार्जिंगपुरते पैसे असू द्या. नाहीतर ओळख पटूनही गाडी तशीच उभी.
- आरएफआयडी कार्ड (चार्जरला टेकवलं की फोनशिवाय चार्जिंग सुरू होतं) मिळत असेल तर घ्याच. एका मॉलच्या दुसऱ्या तळघरात मला रेंज नव्हती. ओटीपीसाठी फोन उंच धरून रॅम्प चढत गेलो, तो आला तेव्हा मुदत संपली होती. वॉचमन हसत होता.

नवखे हमखास चुकतात ते पावतीत. पैसे आपोआप कटले म्हणून कोणी युनिट बघत नाही. पहिले काही वेळा स्क्रीनवरचे युनिट आणि ॲपमधली रक्कम ताडून बघा.

आणि गाडी जुनी घेतली असेल, तर ती आधीच्या मालकाच्या चार्जिंग ॲपच्या खात्यातून आजच काढून घ्यायला सांगा. नाहीतर चार्ज तुम्ही करणार, पैसे त्यांचे कटणार.