खारफुटी, क्षारपड आणि वाहतं पाणी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मालवणला तिवराच्या पानांवर पांढरे कण दिसले. चव खारट होती. झाड मीठ बाहेर टाकतं का? (राजारामपुरी)

होय. तिवर ही खारफुटीची एक जात; त्याच्या पानांवर मिठाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. सकाळी फांदीवरचं एखादं पान गोड्या पाण्याने धुवा. कोरडं ऊन असलं तर दुपारपर्यंत पुन्हा कण धरतात. मात्र ही फक्त उरल्यासुरल्या मिठाची वाट. नव्वद टक्क्यांच्या आसपास मीठ मुळांच्या आतल्या मेणचट थरापाशीच अडतं. काजळा, मारांडी या खारफुटींनाही ग्रंथी असतात. कांदळाला नसतात, तिथे जवळपास सगळी भिस्त मुळांच्या गाळणीवर. पिकलेली पानं गाळून झाड मीठ झटकतं, असं सर्रास सांगतात; त्यावर फार विसंबू नका.

मग पाणी आणखी खारट झालं तर बिघडतं कुठे? (रंकाळा परिसर)

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातून पाणी ओढायचं तर झाडाला हवेच्या दाबाच्या पंचवीसपट ताण धरावा लागतो. आत आलेलं मीठ पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाणी साठवणाऱ्या पिशवीत, कोंडलं जातं आणि तिच्याबाहेरच्या पेशीद्रवाचा तोल राखायला तिवराचं झाड ग्लायसीन बीटेन हे नायट्रोजनयुक्त संयुग बनवतं. त्यात नायट्रोजन खर्ची पडतो, म्हणजे नव्या पानांच्या तोंडचा घास जातो. पाणी वाचवायला पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, आवळली की कार्बन डायऑक्साइडही कमी मिळतो. झाड जगतं, पण खुजं राहतं. बहुतेक खारफुटींची जोमदार वाढ समुद्राच्या पाव ते निम्म्या क्षारतेत होते. समुद्राच्या दुप्पट क्षारतेतही तिवर तग धरू शकतं, कांदळ त्याआधीच हरतं. मोठी झाडं हिरवी आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. खाली वाकून रोपं पाहा. पहिला फटका त्यांनाच बसतो.

पंचगंगेचा खारफुटीशी काही संबंध आहे का? (शिवाजी पेठ)

आहे, पण कोकणातल्या नव्हे. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णेच्या मुखाशी, आंध्रच्या किनाऱ्यावर, खारफुटीची जंगलं आहेत. वरच्या धरणांत आणि कालव्यांत गोडं पाणी अडलं की मुखाकडे क्षारता चढते. खाडीत भराव टाकून मोरी बुजवली तरी तेच होतं: भरतीचं पाणी आत कोंडतं, उन्हाने आटतं, मीठ मागे राहतं.

आमची ऊसाची जमीन क्षारपड झाली. खारफुटी लावून मीठ शोषून घेता येईल? (शिरोळ)

नाही. पानांनी टाकलेलं मीठ पावसाने धुऊन पुन्हा मातीतच येतं. किनाऱ्यावर ते ओहोटी वाहून नेते. तुमच्या रानात कोण नेणार?

आधी माती परीक्षण करून विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेलं) तपासा. वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. ऊसाचं उत्पादन मात्र 1.7 पासूनच घसरू लागतं. अशा जमिनीला सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचरा हवा आणि मग वरून चांगलं पाणी देऊन क्षार खाली धुवायचे. निचऱ्याआधी पाणी भरलंत तर पाण्याची पातळी वर येते आणि तेच क्षार पुन्हा पृष्ठभागावर बसतात. विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण. तिथे जिप्सम लागतं, मात्रा अहवालावरूनच ठरवा. नुसत्या क्षारयुक्त रानात जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत. आणि पाईपचं तोंड शेजाऱ्याच्या बांधावर सोडू नका. चर ओढ्यापर्यंत न्यायला गटातल्या सगळ्यांनी एकत्र यावं लागतं.