बडोद्यात पक्षी बघायला सुरुवात करायची तर आधी दुर्बीण घ्यावी की स्पॉटिंग स्कोप?

सरळ उत्तर आधी देऊन टाकते: दुर्बीण, ८×४२, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. (स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची छोटी टेलिस्कोप.) तुम्ही लिहिलंय बजेट २५ हजार, रविवारी कमाटी बाग नाहीतर टिंबी तलाव, आणि थंडीत एखादी चक्कर वढवाणा तलावाला. मग यात दुसरा विचारच नको, कारण तेवढ्या पैशात दुर्बीण चांगली येते आणि स्कोप चांगला येत नाही. मी एवढ्यावरच थांबले असते. पण तुम्हाला आधी आलेल्या एका उत्तरात म्हटलंय की स्कोप म्हणजे नुसता देखावा, कॅमेऱ्याची मोठी लेन्स घ्या, फोटो काढा, घरी येऊन निवांत ओळखा, आणि त्यावर कुणीतरी 'अगदी बरोबर' असंही लिहून गेलंय. हे वाचून मला गप्प बसवेना, कारण हेच वाक्य मी माझ्या घरात जेवणाच्या टेबलावर कित्येक वर्षं ऐकतेय.

आमच्या घरात पक्ष्यांचं वेड आलं ते सासूबाईंकडून. आई मराठी शाळेत शिक्षिका होत्या, दांडिया बझारातून पहाटे चालत कमाटी बागेत जायच्या, हातात काही नाही, नुसत्या आवाजावरून तांबट, शिंपी, धनेश सांगायच्या. माझे धाकटे दीर त्यांचंच बोट धरून शिकले, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा मला कावळा-चिमणी-पोपटापलीकडे काही येत नव्हतं, मलाही त्यांनीच शिकवलं. पुढे आईंचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले पार्किन्सन वगैरे नाही, नुसता कंप आहे, काळजीचं कारण नाही. पण कपातला चहा बशीत यायचा आणि सुईत दोरा ओवणं बंद झालं. त्याच सुमारास भाऊजींनी मोठ्या हौसेने त्यांना १०×५० ची दुर्बीण आणून दिली. आता १० पट म्हणजे पक्षी १० पट मोठा दिसतो तसा हाताचा हलकासा कंपही १० पट मोठा होतो, धडधाकट माणसालासुद्धा १० च्या वर हातात धरून स्थिर बघणं अवघड जातं, मग आईंचं काय होणार. त्या दोन मिनिटं डोळ्याला लावायच्या, 'छान आहे हो' म्हणायच्या आणि परत द्यायच्या. मग हळूहळू, कुणी काही न बोलता, 'आई आता येत नाहीत' असं ठरूनच गेलं. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही! भाऊजी म्हणायचे, मी फोटो काढून आणतो ना, टीव्हीवर मोठे करून दाखवतो, उन्हातान्हात कशाला.

मला ते खटकायचं. आईंना फोटो नको होते, त्यांना पक्षी बघायचा होता. पगाराची थकबाकी मिळाली तेव्हा मी कुणाला न विचारता एक १५-४५×६५ चा, म्हणजे १५ ते ४५ पट मोठं दाखवणारा, ६५ मिलिमीटर काचेचा अँगल्ड स्कोप घेतला (अँगल्ड म्हणजे डोळा लावायची नळी वरच्या बाजूला तिरकी असलेला) आणि सोबत ट्रायपॉड, त्यावर स्कोप सावकाश फिरवता येईल असं व्हिडिओ हेड. यांनी काही म्हटलं नाही, भाऊजी मात्र म्हणालेच, "वहिनी, एवढ्यात अजून थोडे टाकले असते तर एक बरी लेन्स आली असती."

फेब्रुवारी संपत आला होता, आम्ही सगळे वढवाण्याला गेलो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, डभोईच्या पुढे, सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आहे हा, २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. उथळ आणि इतका पसरट की पाळीवर उभं राहिलं तर मधली बदकं म्हणजे नुसते काळे ठिपके. ८ पटीच्या दुर्बिणीतून 'बदकं आहेत' एवढं कळतं, कुठली ते विचारू नका. मी पाळीवर घडीची खुर्ची मांडली, ट्रायपॉडचे पाय अगदी आत घेऊन स्कोप आईंच्या छातीच्या उंचीला आणला. अँगल्डचा हाच फायदा, कांदा चिरताना मान जशी सहज खाली असते तशी ठेवून बघता येतं. हंसांवर फोकस करून हेड घट्ट केलं आणि म्हटलं, आई, हात मांडीवर ठेवा, कशालाच धरू नका, फक्त डोळा टेकवा.

त्यांनी डोळा लावला आणि काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं दिसत नाहीये, म्हणून मी फोकसकडे हात नेला, तर म्हणाल्या, "थांब, हलवू नकोस." त्यांच्यासमोर पट्टेवाला राजहंस होता, आपल्या पुस्तकांत पट्टकादंब लिहितात तो. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चोच पिवळी आणि टोकाला काळी. पाणी पिताना तो चोच बुडवायचा, मग मान वर करायचा, आणि चोचीच्या टोकावरून थेंब गळताना आईंना दिसत होता. बाजूला दुसरा एक हंस एका पायावर झोपला होता, मधूनच त्याची पापणी उघडायची. हे त्या मला सांगत होत्या, मी त्यांना नाही. मागून गावातल्या दोन मुली आल्या, त्यांनाही आईंनीच जागा करून दिली, त्यातली एक ओरडली, "अरे, आ तो आंख पटपटावे छे!" एका यंत्रातून चार माणसांनी आळीपाळीने तोच पक्षी बघायचा, हे दुर्बिणीत होत नाही. दुर्बिणीत 'तो बघ, त्या काठीच्या डावीकडे, नाही रे अजून डावीकडे' यातच पक्षी उडून जातो.

खरी गोष्ट पुढेच आहे. भाऊजी कॅमेऱ्याला १५०-६०० मिलिमीटरची मोठी लेन्स लावून शेजारीच होते, बदकांच्या एका थव्याचे धडाधड फोटो घेत होते. म्हणाले सगळे कॉमन टील, म्हणजे नेहमीची छोटी बदकं आहेत. आई स्कोपमधून त्याच थव्याकडे बघत होत्या, त्या म्हणाल्या, "त्यात एक भुवई बदक आहे. मान फिरवली की पांढरी भुवई दिसते." भाऊजींनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा केला, मोठा केला, शेवटी तपकिरी दाण्यांशिवाय काही उरलं नाही. मग म्हणाले, "फोटोत येत नाहीये आई, मग नक्की कसं म्हणणार?" आई म्हणाल्या, "अरे, मला दिसतंय ना." मी वाकून बघितलं. गार्गनीचा, म्हणजे भुवई बदकाचाच नर, डोळ्यावरून निघून मानेपर्यंत कमानीसारखी गेलेली पांढरी पट्टी, बाजूचा रंग राखाडी, शंकेला जागाच नव्हती. फेब्रुवारीत नर पुऱ्या रंगात आलेले असतात, थंडीच्या सुरुवातीला हाच पक्षी मादीसारखा दिसतो आणि टीलमध्ये खपून जातो.

रात्री दिवसभरात दिसलेल्या पक्ष्यांची यादी भरताना भाऊजींनी तो पक्षी गाळला. कारण काय, तर फोटो नाही. मी माझ्या यादीत घातला, निरीक्षणाच्या नोंदीत आईंनी सांगितलेली खूण जशीच्या तशी लिहिली. यावरून आमच्यात जे सुरू झालं ते अजून चालू आहे. माझं म्हणणं साधं आहे: ज्याने तेच बदक दहा मिनिटं पाण्यावर, वळताना, खाताना, पंख साफ करताना पाहिलंय त्याचं सांगणं एका हललेल्या फोटोपेक्षा वरचढ आहे. आपल्याकडे १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. पाळीवर उभं राहून लांबच्या थव्यातले प्रकार वेगळे करायचे आणि मोजायचे, हे काम मुळात डोळ्यांचं आहे. त्यात तुम्हाला स्कोप लागतो. मंगोलियात मानेत कॉलर घातलेले राजहंस हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात, त्या कॉलरवरचा कोड लांबून वाचायलासुद्धा स्कोपच. टिलव्यांच्या, म्हणजे चिखलातल्या चिमुकल्या पाणपक्ष्यांच्या घोळक्यात पिवळसर पायांचा टेमिंकचा टिलवा कुठला आणि काळ्या पायांचा साधा कुठला, हे चिखलापलीकडून दुर्बिणीने सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. याला देखावा म्हणायचं असेल तर म्हणा.

आता तुमच्या कामाचं. एवढं ऐकून लगेच स्कोप घेऊ नका. स्कोप दुर्बिणीशिवाय चालत नाही. हजार मीटरवर ८ च्या दुर्बिणीत सव्वाशे मीटरच्या आसपास रुंदीचा पट्टा दिसतो, स्कोपमध्ये २० वर तोच ३५-४० मीटर, म्हणजे आधी दुर्बिणीने पक्षी शोधायचा आणि मग स्कोप तिकडे वळवायचा. कमाटी बागेत तर स्कोप नेऊच नका, सूर्यपक्षी तुमच्या ट्रायपॉडसाठी थांबणार आहे का? शिवाय स्कोपला जवळचं, म्हणजे चार-पाच मीटरच्या आतलं, बहुतेक वेळा फोकसच होत नाही.

८ की १० यावर लोक भांडतात, मी ८ म्हणेन. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, एवढ्या जाडीचा उजेड डोळ्यात जातो, पहाटे आणि झाडीत फरक कळतो. १०×२५ ची खिशातली दुर्बीण घेतली तर तोच अडीचवर येतो. आणि ऑनलाइन ती २०×५०, १०-३०×५० झूमवाली स्वस्त दुर्बीण दिसेल ती अजिबात घेऊ नका, हातात धरून २० पट कुणालाच स्थिर बघता येत नाही. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे काचेपासून डोळा जितक्या अंतरावर ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १६ मिलिमीटरच्या आसपास तरी हवा, नाहीतर कडा काळ्या दिसतात. घेतल्यावर उजव्या डोळ्याचं डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची कडी, एकदा नीट लावून घ्या. कितीतरी जण वर्षानुवर्षं तसेच बघतात आणि डोकं दुखतं म्हणून दुर्बिणीला नावं ठेवतात.

स्कोपबद्दल एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. आपल्याकडे ऊन चढलं, साडेदहा वाजले की पाण्यावरची हवा उकळायला लागते, तेव्हा ४५ काय आणि ६० काय, चित्र थरथरतंच. मग झूम खाली २० वर आणायचं, नाहीतर सकाळीच सगळं उरकायचं. म्हणून ६० पटीचे आकडे बघून भुलू नका. ८० चा स्कोप उजेडाला चांगला, पण वजनाला जड, बसने किंवा स्कूटरवर जाणाऱ्याने ६५ चाच घ्यावा. आणि स्वस्त ट्रायपॉडवर चांगला स्कोप लावणं म्हणजे पैसे वाया, वारा आला की संपलं. पावसाळ्यात काचेला बुरशी लागते, दोन्ही वस्तू सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा. सेकंड हँड घेणार असाल तर समोरच्या काचेतून टॉर्च मारून आतमध्ये जाळं दिसतंय का ते बघा.

फोटोच्या बाजूने एवढं मान्य करते की काही पक्षी, गल म्हणजे कुरव वगैरे, घरी येऊन पुस्तक उघडूनच ओळखावे लागतात, तिथे फोटोचा आधार खरंच होतो, आणि दुर्मिळ काही दिसलं तर पुरावा असलेला बरा. स्टॅबिलायझर असलेल्या दुर्बिणीही मिळतात, त्यांनी हाताचा कंप बराच कमी होतो, पण किंमत ऐकून ठेवा आणि बॅटरी संपली की ती साधी दुर्बीणच. पण घरात कुणी वयस्कर असेल, हात थरथरत असतील, किंवा उभं राहणं जमत नसेल, तर त्यांच्यासाठी लेन्स घेऊन फोटो दाखवणं हा पर्याय नाही. त्यांना खुर्ची द्या आणि स्कोप द्या. यावर मी कुणाचं ऐकणार नाही, भाऊजींचंही नाही.

तुम्ही दुर्बीण दिवाळीच्या आत घ्या, नोव्हेंबरपासून वढवाण्याला बदकं वाढायला लागतात आणि मार्च लागला की हंस निघतात. स्कोपचं पुढच्या वर्षी बघा. त्याआधी जानेवारीच्या गणनेला नाव द्या, तिथे दोन-तीन जणांकडे तरी स्कोप असतोच. सरळ आणि अँगल्ड दोन्हीतून बघून घ्या, तुमच्या उंचीला आणि मानेला काय सोसतं ते तिथेच कळेल. मागायला लाजू नका.