माय गेली, आवाज फोनमध्ये आहे

प्रश्न : मी पुण्यात कंपनीत, बाबा एकटे दारव्ह्याजवळच्या गावी. माय मागच्या वर्षी गेली. "जेवलास का?" विचारणारे तिचे व्हॉट्सॲपवरचे आवाज माझ्या फोनमध्ये आहेत. फोन भरत आलाय. ते कसे जपू? बाबांनाही वावरात ऐकायचे आहेत.

उत्तर : आधी एक सांगतो, जागा करायला व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकू नका. ॲपसोबत त्याचं फोल्डरही जाऊ शकतं. फोन भरलाय तो बहुधा व्हिडिओंनी, ते हलवा. आवाजाची फाइल अगदी लहान असते.

अँड्रॉइड फोन केबलने कंप्युटरला जोडा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा. अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, मीडिया, व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स, असं आत जा. तिथे आठवड्यागणिक वेगळी फोल्डरं दिसतील, ती सगळीच उचला. फाइलच्या नावातच तारीख असते : २०२३०६१४ म्हणजे १४ जून २०२३. पण कोणाचा आवाज ते नावात नसतं. म्हणून चॅट उघडून तारखा जुळवा आणि मायच्या फाइली वेगळ्या काढा. हे काम एका बैठकीत होत नाही, मनालाही झेपत नाही. रोज थोडं करा.

दोन प्रती ठेवा : एक पेनड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर (फुकट जागा १५ जीबी).

व्हॉट्सॲपचे हे आवाज 'ओपस' प्रकारच्या फाइलीत असतात, बाबांच्या छोट्या स्पीकरवर त्या बहुधा वाजणार नाहीत. कंप्युटरवर व्हीएलसी या फुकट प्लेअरमधून त्यांच्या एमपी३ करून मेमरी कार्डात भरा, मूळ फाइली मात्र पुसू नका. आणि स्पीकर धुऱ्यावर उन्हात ठेवू नका म्हणावं, आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरी फुगते.