मराठीत बोलून टाइप केलेले संदेश: टक्केवारीपेक्षा कोणता शब्द चुकतो ते पाहा

नमस्कार. संधिवातामुळे आपल्या आईंना कीबोर्डवर टाइप करणे जड जाते, म्हणून नातेवाइकांना आणि डॉक्टरांना त्यांनी मराठीत बोलून संदेश पाठवले तर ते किती अचूक उमटतील, असे आपण विचारले आहे. घरच्या संदेशांसाठी त्यांनी ही सोय निःशंकपणे वापरावी. डॉक्टरांच्या संदेशांसाठीही वापरावी, पण त्यांतले काही ठरावीक शब्द पाठवण्यापूर्वी तपासलेच पाहिजेत.

गूगलच्या आवाजी टायपिंगमध्ये मराठी ऑगस्ट २०१७ मध्ये आली. या सोयीची अचूकता सांगताना बदललेले, गळलेले आणि नसताना घुसलेले शब्द एकत्र मोजतात आणि त्या बेरजेला बोललेल्या एकूण शब्दांनी भागतात. या हिशेबात प्रत्येक शब्द सारख्याच तोलाचा धरला जातो. दहा शब्दांच्या संदेशातून ‘आणि’ गळला काय किंवा ‘नाही’ गळला काय, चूक दहा टक्केच भरते. ज्याला तो संदेश मिळतो त्याच्या दृष्टीने मात्र दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मराठीत हा नकार बहुधा वाक्याच्या अगदी शेवटी येतो, आणि नेमका तेथेच बोलणाऱ्याचा आवाज खाली गेलेला असतो किंवा त्याने घाईने माइक बंद केलेला असतो. ‘मी उद्या तपासणीला येणार नाही’ या वाक्यातले शेवटचे पद सुटले, तर उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे ते वाचणाऱ्याला खटकतही नाही. हाताने टाइप करताना झालेली चूक सहसा मोडक्या शब्दाच्या रूपाने दिसून येते; येथे यंत्र बहुतेक वेळा आपल्याला माहीत असलेलेच शब्द निवडते, त्यामुळे चुकीचा शब्दही शुद्ध लेखनात समोर येतो. प्रश्नांचेही तसेच आहे. ‘तुम्ही उद्या येणार?’ हा प्रश्न आपण केवळ हेल काढून विचारतो, आणि प्रश्नचिन्ह उमटले नाही तर त्याचे विधान होते. आईंनी शेवटी ‘का’ म्हणण्याची सवय लावून घेतली, तर ही अडचण उरणार नाही.

दुसरी जागा संख्यांची. ‘त्रेसष्ट’, ‘सदुसष्ट’, ‘अडुसष्ट’ हे शब्द कानाला जवळचे आहेत, आणि साखरेचा किंवा रक्तदाबाचा आकडा कळवताना अशी गफलत परवडणारी नाही. असे आकडे एकेक अंक सुटा उच्चारून सांगावेत किंवा तेवढेच हाताने टाइप करावेत. औषधांची नावे, आडनावे आणि लहान गावांची नावे यांच्या जागी यंत्र पुष्कळदा ओळखीचा दुसरा शब्द बसवते. ‘रिपोर्ट’, ‘अपॉइंटमेंट’ असे रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द मात्र सहसा नीट येतात. ‘घरा समोर’ असे तुटलेले शब्द दिसले, तर त्यांच्या दुरुस्तीत आईंनी बोटे झिजवू नयेत, कारण अर्थ पोचतोच.

कीबोर्डची भाषा मराठी निवडलेली आहे ना, हे आधी पाहावे; ती हिंदी राहिली असेल तर चांगले मराठी बोलूनही भलतेच शब्द उमटतात. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा, दूरदर्शन संच बंद ठेवावा, आणि शब्द सुटे सुटे न उच्चारता पूर्ण वाक्य नेहमीच्या ओघात बोलावे, कारण यंत्र मागच्यापुढच्या शब्दांवरूनही अंदाज बांधते. आईंची बोली वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी असेल, तर चुका जास्त होतील हे गृहीत धरावे. तो त्यांच्या उच्चारांचा दोष मुळीच नाही. या यंत्रणांना शिकवण्यासाठी प्रमाण मराठीचे नमुने अधिक मिळतात आणि बोलींचे फार कमी.

तपासणीसाठी बारीक अक्षरे वाचणे आईंना अवघड जात असेल, तर अँड्रॉइडमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ ही सुविधा सुरू करून द्यावी. लिहिलेला संदेश फोन मराठीत वाचून दाखवतो, आणि गळलेला ‘नाही’ किंवा बदललेला आकडा डोळ्यांपेक्षा कानांना लवकर सापडतो.